आपल्याकडे मंत्री संसदेतूनच येतात
कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ ही आपल्याकडेही अमेरिकेइतकीच वेगळी आहेत, असं एकांनी लिहिलंय. ते पूर्णपणे खरं नाही, म्हणून थोडी भर घालतो.

अमेरिकेत सिनेटरला (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याला) मंत्री व्हायचं तर आधी सिनेट सोडावी लागते. आपल्याकडे नेमकं उलट आहे. बाहेरून आणलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं, नाहीतर मंत्रिपद जातं (अनुच्छेद ७५). त्याच अनुच्छेदानुसार अख्खं मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं, म्हणून तर एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं. अमेरिकेच्या अध्यक्षाला असं अविश्वासाने घालवता येत नाही.

शिवाय अधिवेशन नसताना सरकार राष्ट्रपतींकरवी वटहुकूम काढू शकतं, म्हणजे कायदा करण्याचं कामही काही काळ सरकारच्याच हाती. अधिवेशन तोंडावर आलेलं असताना काढलेले वटहुकूम मला अजिबात पटत नाहीत. ज्या सभागृहाला जबाब द्यायचा, त्यालाच वळसा घातल्यासारखं होतं ते.

खरी भिंत आहे ती न्यायमंडळाभोवती. न्यायाधीश नेमण्यासाठी संसदेने केलेली ९९वी घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केली, ती न्यायमंडळाच्या स्वातंत्र्याला धक्का लागतो याच मुद्द्यावर.