मदत हवी आहे : पेन्सिलचित्रातला फडा (झाडू) नेमकं काय सांगतो?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, हौशी चित्रकार. सध्या आईच्या सिंदीच्या फड्याचं पेन्सिलचित्र काढतोय. भिंतीला टेकवलेला, झाडून झाडून एका बाजूनं तिरपा झिजलेला. ती झीज मला फार महत्त्वाची वाटते, कारण आईचा हात कसा वळतो ते तिच्यात दिसतं.

अडचण अर्थाची आहे. लक्ष्मीपूजनाला आपण याच फड्याला हळदकुंकू लावतो. आपल्या विदर्भातल्या गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) हातात तर खराटाच ओळख झाला होता. आणि दीक्षाभूमीच्या या शहरात कमरेला झाडू बांधायला लावल्याची आठवण सांगणारी घरंही आहेत. तिथे हीच वस्तू अपमानाची खूण ठरते. हे तिन्ही अर्थ खरे आहेत, आणि एकाला पुढे करून दुसरा पुसावा असं मला वाटत नाही. पण ज्यांना चित्र दाखवलं ते म्हणाले, "स्वच्छतेचं पोस्टर छान झालंय." मन खट्टू झालं.

हळदकुंकवाचं बोट काढून पाहिलं, तर पेन्सिलीत तो नुसता करडा डाग दिसतो. मग तो ठेवावा का? मागची भिंत ६बी या मऊ, काळ्या पेन्सिलीनं गडद करून काड्या कागदाच्या पांढऱ्यातच सोडाव्यात, की नेहमीच्या एचबी पेन्सिलीनं एकेक काडी काढावी? गडद भिंतीपुढे फडा देवघरातल्यासारखा उजळतो, त्याचीच थोडी भीती वाटते.

ज्यांच्या घरात या वस्तूची आठवण कडू आहे, त्यांचं मत आधी ऐकायचंय. कृपया मोकळेपणानं लिहा.