राजापूरचं कौलारू घर वाढवायचंय, मागच्या बाजूला स्लॅब जोडावा का?

गावची सून

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे, कारण दिवाळीनंतर काम सुरू करायचं असं घरात ठरलंय.

घर राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. भिंती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या), पण चिरे मातीत बसवलेले, सिमेंट कुठेच नाही. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, एका बाजूला देवघर आणि काळोखाची खोली. मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून उतरती पडवी, तिथे चूल. वासे किंजळीचे आणि फणसाचे. कौलं मंगलोरी. ती गलबतातून जैतापूर बंदरात उतरली आणि बैलगाडीने गावात आली, असं सासरे सांगायचे.

अडचण अशी आहे की संडास परसात, विहिरीच्या पलीकडे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. श्रावणातल्या पावसात रात्री बॅटरी आणि छत्री धरून त्यांना तिथवर न्यायचं म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. त्या मुंबईला यायला तयार नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. गणपतीत सगळी भावंडं, मुलं, नातवंडं येतात तेव्हा माजघरात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून दोन खोल्या, आत दोन संडास-न्हाण्या आणि मोठं स्वयंपाकघर हवंय. मागची पडवी वाळवीने पोखरलीय, ती काढावीच लागेल.

कंत्राटदार म्हणतो, मागची भिंत तशीच ठेवून तिच्यावरून स्लॅब ओढू, पुढेमागे वर मजला चढवता येईल. धाकटे दीर म्हणतात, सगळंच पाडून बंगला बांधू, एकदाच काय तो खर्च. मला ओटी आणि माजघर जसंच्या तसं राहायला हवंय. गणपती त्याच चौरंगावर, त्याच कोपऱ्यात बसतो. पण मला बांधकामातलं कळत नाही, त्यामुळे घरात माझं बोलणं निव्वळ हौस ठरतं. मागे स्लॅब जोडला तर पुढच्या घराला त्रास होईल का?

लांज्याचा अनिकेत

ताई, आमच्या वाडीत गेल्या काही वर्षांत बरीच घरं स्लॅबची झाली. आता फिरून बघितलंत तर जवळपास प्रत्येक स्लॅबवर वरून पत्र्याची शेड दिसेल. पावसात स्लॅब झिरपतो आणि मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. एवढा खर्च करून शेवटी उतरतं छप्पर घालावंच लागतं, तर ते आधीच का घालू नये? तुमच्या दिरांना एप्रिल-मेमध्ये अशा एखाद्या घरात दुपारी झोपायला सांगा. मग तुमची ओटी पाडायचं नाव काढणार नाहीत.

निवृत्त अभियंता, चिपळूण

तुमचं म्हणणं हौस नाही. बांधकामाच्या हिशेबानेही तेच बरोबर आहे, आणि हे घरात वाचून दाखवा.

मातीत रचलेली चिऱ्याची भिंत सरळ खाली येणारा भार छान पेलते. लाकूड आणि कौलं हे तिला झेपणारं वजन. स्लॅब त्याच्या कितीतरी पट जड, आणि उन्हात तापून तो सरकतो-आक्रसतो तेव्हा भिंतीचा माथा सोबत ओढतो. मातीच्या दर्जांना, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यांना, हे ओढणं सहन होत नाही. तेव्हा जुन्या भिंतीवर स्लॅब टेकवायचा नाही. कंत्राटदार म्हणेल की स्वतंत्र कॉलम उभे करून भिंतीला नुसता चिकटवतो, तर त्यालाही नाही म्हणा. जुनं घर बसायचं तेवढं केव्हाच बसलंय. नवीन पाया पहिले काही पावसाळे थोडा तरी बसणार. दोन्ही घट्ट जोडलीत की तडा नेमका सांध्यावर येतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या तड्यातून पाणी मातीच्या दर्जेत गेलं की भिंत आतून विरघळायला लागते, आणि बाहेरून काही वर्षं ते दिसतही नाही.

मी असतो तर असं केलं असतं. मागची पडवी काढा. तिच्या जागी लगेच खोल्या न घेता चार-पाच फूट मोकळे सोडा आणि पलीकडे स्वतंत्र पायावर नवीन भाग उभा करा, भार पेलणाऱ्या चिऱ्याच्याच भिंती, सिमेंटमध्ये बांधलेल्या, जोत्यावर आणि दरवाजा-खिडक्यांच्या वर सळ्यांचा पट्टा. दोन्हींच्या मधे झाकलेली अरुंद वाट ठेवा. पडवी गेली की मुख्य छपराची वळचण उंच राहते, त्यामुळे तिच्याखाली या वाटेचं छोटं दुपाखी, म्हणजे दोन उतारांचं, छप्पर सहज बसतं. नव्या भागाचं आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, जुन्या आढ्याला काटकोनात घ्या. दोन उतार समोरासमोर आले तर मधे पन्हळ घालावी लागते आणि आंबा-फणसाच्या पाचोळ्याने ती पहिल्याच पावसात तुंबते. कोकणातलं निम्मं गळणं या मधल्या पन्हळीचं असतं.

जोत्याची उंची जुन्या घराइतकीच ठेवा, एकही पायरी नको. आज सासूबाईंना चालता येतंय, उद्या चाकाची खुर्ची आणावी लागली तरी देवघरापासून न्हाणीपर्यंत अडायला नको. न्हाणीचा दरवाजा तीन फुटांचा घ्या. आत गुळगुळीत लाद्या मुळीच नकोत, पावसाळ्यात लादीला पाणी सुटतं आणि म्हातारं माणूस तिथेच पडतं. खरखरीत शहाबादी चांगली.

घर डोंगराच्या पायथ्याशी आहे म्हणता, तर पाया खणण्याआधी वरच्या अंगाला चर काढून पाणी दोन्ही बाजूंनी वळवा. आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, पन्नास फुटांहून जास्त लांब. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी त्यातून फार पटकन वाहतं. इथे मी लांबीची काटकसर करू देणार नाही.

वाळू कुठून येणार ते लेखी घ्या. खाडीची खारी वाळू स्वस्त पडते, पण तिच्यातल्या मिठाने सळ्या गंजतात आणि काँक्रीट फुगून सुटतं. नदीची धुतलेली किंवा क्रशरची वाळू वापरा.

जुन्या भिंतींना "मजबुती" म्हणून सिमेंटचा गिलावा करायला कुणी सांगेल. करू नका. चिरा ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच राहते. निघालेल्या दर्जा चुन्यात भरून घ्या, तेवढं पुरे.

कुडाळकर

ताई, माकडांचा काय ता आधी बघा! आमच्याकडे माकडांनी एक कौल धड ठेवूक नाय.

म्हणून सांगतो, नवीन भागावर लोखंडी पाइपाची चौकट, तिच्यावर पत्रा आणि वर कौलं असं करून घ्या. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून निघून जातं, आणि नुसत्या पत्र्यासारखा पावसाचा कानठळ्या बसवणारा आवाज येत नाही. पत्रा आणि कौल यांच्यात हवा खेळायला जागा ठेवा.

आणखी एक. जुनी कौलं उतरवताना मागे कारखान्याची मोहोर बघून वेगवेगळे ढीग लावा. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने पहिला कारखाना काढला, त्यानंतर अनेक निघाले, आणि एकाच्या खाचा दुसऱ्यात नीट बसत नाहीत. जुनी चांगली कौलं पुढच्या पाखीवर घ्या, कमी पडतील ती नवीन सगळी मागच्या पाखीवर. मिसळलीत की गळणार.

सुषमा, रत्नागिरी

बांधकामाआधी कागद. घरपट्टी अजून आजेसासऱ्यांच्या नावावर असेल, कोकणात बहुतेक तसंच असतं. नमुना ८ चा उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते पाहा आणि चुलत सासरे, नणंदा, सगळ्यांची लेखी संमती घ्या. नणंदांचाही हिस्सा असतो, त्यांना शेवटी कळवलं की मनं दुखावतात. गणपतीत सगळे एकत्र असतात तेव्हाच नकाशा मांडून बसा. काम थांबतं ते पैशांपेक्षा सह्यांवाचून जास्त. जागा गावठाणात आहे की बाहेर, ते तलाठ्याकडून समजून घ्या, परवानगी त्यावर ठरते.

आणि वाशांसाठी स्वतःच्या परसातला फणस किंवा किंजळ तोडायचा विचार असेल तर तोही परवानगीशिवाय नको. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ही दोन्ही झाडं आहेत, स्वतःच्या जमिनीतली असली तरी.

गावची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फोनवर दिरांना अभियंता काकांचं उत्तर पूर्ण वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बिनपायरीचं जोतं हवंच, आईसाठी." बंगल्याचा विषय त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवला. दोन्ही नणंदांशी बोलले, त्या सह्या देणार आहेत. धाकटीने एकच मागितलं, काळोखाच्या खोलीला हात लावू नका, तिचा जन्म तिथला.

काका, एक विचारायचं राहिलं. मागच्या पडवीचे वासे सुतार सरपणात घाला म्हणतो. टोकं कुजलीत हे खरं, पण मधे लाकूड लोखंडासारखं लागतं. सासऱ्यांनी ते स्वतः तासून घेतले होते. कुठे वापरता येतील का?

निवृत्त अभियंता, चिपळूण

सरपणात मुळीच घालू नका. वाशाची भिंतीत गेलेली आणि वळचणीबाहेर पावसात आलेली टोकं आधी जातात, मधलं लाकूड बहुतेक वेळा शाबूत असतं. प्रत्येक वाशात हातभर अंतराने जाड टोच्या खुपसून पाहा. जिथे तो रुतत नाही तिथून पुढचं लाकूड चांगलं. कुजका आणि पोखरलेला भाग कापून घरापासून लांब नेऊन जाळा, परसात ढीग करून ठेवू नका, वाळवी पुन्हा आत येते.

मोठ्या पाखीसाठी हे तुकडे आखूड पडतील. पण जोडवाटेचं छप्पर लहान, तिच्या एकेका उताराला चार फुटी वासा झाला तरी खूप. सासऱ्यांचे वासे तिथे नेमके बसतील. वाळवीचं औषध दोनदा मारा, पहिल्या हातानंतर लाकूड पूर्ण वाळलं की मगच दुसरा हात द्या, आणि भिंतीत टोक गाडायच्या ऐवजी भिंतीवर लाकडी पाट टाकून त्यावर टेकवा.

चिऱ्यांची मागणी खाणीवर आत्ताच नोंदवा. ताजा चिरा मऊ असतो, हवेवर राहिला की टणक होतो, म्हणून थोडा आधी येऊन अंगणात पडलेला बरा. जुन्या घराचं छप्पर होळीनंतर उघडा, त्याआधी नवीन भागाच्या भिंती वर आलेल्या असू द्या, म्हणजे सासूबाईंना तिकडे हलवता येईल. शाकारणी, म्हणजे कौलं पुन्हा लावणं, मिरगाच्या निदान पंधरा दिवस आधी संपायला हवी, वळवाचा पाऊस तारीख विचारून येत नाही. नकाशा काढलात की इथे टाका, आढ्याची दिशा मी बघून देतो.