ताम्हिणी उतरताना ब्रेकचा जळका वास

प्रश्न:
पुण्याहून मुळशी-ताम्हिणीमार्गे माणगावला उतरताना ब्रेकचा जळका वास येतो, पेडल मऊ लागतं. सात सीटर, मॅन्युअल गाडी. सहा माणसं, टपावर सामान. वर पावसात काच सारखी धुरकटते. काय करावं?

घाटकरी:
सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की हेच होणार. उतार लागण्याआधीच दुसरा गिअर टाका, वेग इंजिनाला धरू द्या. ब्रेक थोडा वेळ नीट दाबा, मग पूर्ण सोडा. वास आलाच तर रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. हँडब्रेक ओढू नका. उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स गिअर आणि चाकाखाली दगड. (निघताना तो दगड रस्त्यातून काढा, लोक तसाच टाकून जातात.) तापलेल्या डिस्कवर धबधब्याचं पाणी ओतायचा मोह आवरा, डिस्क वाकडी होते.
गार झाल्यावरही पेडल मऊच राहिलं तर गाडी पुढे दामटू नका, मेकॅनिक गाठा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, घाटात ते उकळून वाफ होते, म्हणून पेडल मऊ पडतं. साधारण 2 वर्षांनी बदला.

पावसाळी:
काच आतून धुरकटली तर एसी चालू, हवा काचेवर, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवत ठेवणं) बंद. बाहेरून धुरकटली तर उलट: काच गार पडलीय, तापमान वाढवा, वायपर फिरवा.

घाटकरी:
आणि उलटीची गोळी निघण्याआधी द्या, पहिल्या वळणानंतर उपयोग नाही. पोरांचा डोस डॉक्टरांना विचारून.