पोहून आलेलं पोर तापलं, तर पाठीतलं पाणी लगेच काढायचं का?

रात्रपाळी: २०२४ च्या मे ते जुलैत केरळात अमीबाच्या मेंदूज्वराने तीन मुलं गेली. त्याच जुलैत कोळिकोडकडचा १४ वर्षांचा मुलगा मात्र वाचून घरी गेला. तळ्यात पोहल्याचं घरच्यांनी आपणहून सांगितलं, म्हणून उपचार लवकर सुरू झाले. लक्षणं दिसल्यापासून बहुतेक रुग्ण आठवडाभरही जगत नाहीत. तेव्हा माझं म्हणणं, ‘गेल्या पंधरवड्यात पोहलास का?’ हे केसपेपरवर छापूनच टाका. संशय आला तर पाठीतलं पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव) त्याच तासाला बघा आणि पक्क्या रिपोर्टची वाट न बघता औषध लावा.

तालुका_ओपीडी: बोलायला सोपं आहे हो. आमच्याकडे ताप, उलट्या, झटके घेऊन येणाऱ्या पोरांत टीबीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) असतो, जिवाणूंचा असतो. आणि एप्रिल-मेमध्ये गावातलं कुठलं पोर विहिरीत उडी मारत नाही? सगळ्यांना अँफोटेरिसिन लावू, ते बुरशीवरचं औषध जे या अमीबावरही देतात? किडनीवर येतं, पोटॅशियम ढासळतं, कोण बघणार? पाठीत सुई म्हटलं की आजी आडवी येते, ‘पोरगं लुळं पडंल’. तिची समजूत घालण्यातच अर्धा तास जातो.

रात्रपाळी: सगळ्यांना कोण म्हणतंय? पाठीतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी भरमसाट, साखर उतरलेली, ग्रॅम स्टेनमध्ये (रंग लावून जिवाणू बघतात त्यात) जिवाणू नाही आणि पोर चार दिवसांपूर्वी डोहात डुंबलेलं. इतकं जुळलं तरच. पाणी तुम्ही टीबीसाठी काढणारच आहात ना? त्यातलाच एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली अमीबासाठी बघा.

काचपट्टी: लॅबवाला आहे, मध्ये बोलतो. तो थेंब आमच्यापर्यंत येतो कसा, ते कुणी विचारलंय? दोन-तीन तासांनी, बर्फाच्या डब्यातून. गार पडला की अमीबा हलायचा थांबतो आणि पांढऱ्या पेशींतच मोजला जातो. ताज्या थेंबात तो गोगलगायीसारखा एका बाजूला बोथट टोक काढत सरकतो. खर्च म्हणाल तर एक काचपट्टी, एक कव्हरस्लिप.

डोंबिवलीची_आई: म्हणजे मुलांना पोहायला पाठवायचंच नाही का? माझ्या धाकट्याने परवा गावच्या तळ्याचं पाणी गटागटा प्यायलंय!

रात्रपाळी: ताई, पिण्यातून हा होत नाही. नाकात जोरात पाणी गेलं तर अमीबा वासाच्या नसेवाटे मेंदूत चढतो. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात उडी मारताना नाक चिमटीत धरायला लावा. नीट क्लोरीन टाकलेल्या पोहण्याच्या तलावाची भीती नको.

तालुका_ओपीडी: बघा, एका धाग्यात एक आई घाबरली. असं शंभर घरी होतं आणि मग दर तापाला ‘अमीबा तपासा’. आता औषधाचं बोलू. अँफोटेरिसिनसोबत मिल्टेफोसिन देतात, ते काळा आजाराचं. केरळ सरकारने जर्मनीहून मागवलं. मला कोण देणार? २०२१ मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी नुसत्या अँफोटेरिसिनसाठी नातेवाईक शहरभर वणवण करत होते, विसरलात? प्रश्न विचारायला माझी ना नाही, उद्यापासून विचारतो. पण संशयावर ही औषधं तालुक्याला सुरू करणार नाही, पोराला अँब्युलन्समध्ये घालून मेडिकल कॉलेजला धाडीन.

रात्रपाळी: धाडा की. चिठ्ठीवर ‘पोहला होता, तारीख अमुक’ एवढं लिहा, म्हणजे तिथल्यांना पुन्हा शून्यापासून शोधावं लागणार नाही.

काचपट्टी: आणि पाठीतल्या पाण्याची बाटली सोबत दिलीत तर फ्रीजमधली नको. ड्रायव्हरला म्हणावं, खिशात ठेव.