अहदाफ सुएफ: कादंबरीकार मोठी की अनुवादक?

सारंगा: स्पष्टच लिहिते. सुएफबाई जन्मल्या इजिप्तमधल्या कैरोत (१९५०), पण कादंबऱ्या लिहितात इंग्रजीत. 'द मॅप ऑफ लव्ह' १९९९ला इंग्रजी कादंबरीच्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. (अनिता देसाईही त्याच यादीत!) ती अरबीत कोणी नेली? बाईंच्या आईने, फातमा मूसा यांनी. म्हणजे कैरोकरांनी आपल्याच लेखिकेला अनुवादातून वाचायचं. मला सुएफबाईंचं मोलाचं काम वाटतं ते पॅलेस्टिनी कवी मुरीद बर्गूती यांच्या 'आय सॉ रामल्ला'चं भाषांतर. तीस वर्षांनी मायदेशी पाऊल टाकणाऱ्या कवीचं ते गद्य इंग्रजीत इतकं मोकळं उतरलंय की मूळ अरबी आहे हे विसरायला होतं.

ओसरीवरून: अजिबात नाही पटलं. 'मॅप ऑफ लव्ह'मध्ये कैरोतली अमल त्या अमेरिकन इझाबेलला अरबी शब्दांचे धातू (मूळ रूपं) समजावते, ते आठवतंय? 'कल्ब' म्हणजे हृदय. त्याच धातूतून उलथवणं, त्यातूनच 'इन्किलाब'. आपण मोर्च्यात घसा फोडून ओरडतो तोच! हे इंग्रजी लिहिणाऱ्या हाताला अरबीचं वळण आहे. कादंबरीकार आणि अनुवादक अशी वाटणी कशी करणार? आणि भाषेचाच निकष लावायचा तर इंग्रजी 'रावण अँड एडी'वाले किरण नगरकर आपले नाहीत का?

सारंगा: नगरकरांनी आधी 'सात सक्कं त्रेचाळीस' मराठीत दिली होती. फरक आहे.

पोटमाळा: दोघंही बुकरपाशीच अडकलात. १९९२ची 'इन द आय ऑफ द सन' घ्या. जवळपास ८०० पानं, मधे थोडी कंटाळलोही, पण १९६७च्या अरब-इस्रायल युद्धाचा कैरोतल्या घरांवर पडलेला घाव त्यात आहे.

सारंगा: घाव आहेच. पण ऐकवला कोणाला? इजिप्तच्या २०११च्या क्रांतीवरचं पुस्तकसुद्धा इंग्रजीतच.

ओसरीवरून: आणि कैरोच्या 'अल-शुरूक' दैनिकातला अरबी स्तंभ? तो कैरोकरांसाठीच होता ना! शिवाय इंग्रजांच्या घरात बसून त्यांना खडसावणंही काही कमी नाही. २०१९ला ब्रिटिश म्युझियमचं विश्वस्तपद सोडलं. बीपी या तेल कंपनीचं प्रायोजकत्व, कंत्राटी कामगार, परत न केलेल्या वस्तू, सगळं लिहून.

सारंगा: स्तंभाचं लक्षात नव्हतं, मान्य. राजीनाम्याचा कादंबरीशी संबंध नाही. ती अरबीत का नाही, एवढंच विचारतेय मी.