चित्रकार नवरा, सायकल आणि अंजनेरी: सामान आणि वेळ कशी बसवायची?

पाथर्डी_फाटा:

नवरा जलरंगात निसर्गचित्रं करतो, जागेवर बसून, फोटोवरून नाही. मला सायकल आणि डोंगर. दोघांनी मिळून रविवारचा एक बेत काढलाय: नाशिकहून सायकलने अंजनेरी फाटा, वर किल्ल्यावर चढाई, पठारावर त्याचं दोन तास चित्र आणि बाराच्या आत घरी. दोघांच्याही हायब्रिड सायकली आहेत, डिस्क ब्रेकच्या. कॅरिअर नाही.

अडचणी अशा. चित्राचा बोर्ड सायकलवर न्यायचा कसा? सॅकमध्ये घातला की वाऱ्यात सायकल हेलकावते. तो रंगवत बसलेला असताना मी दोन तास फिरून येईन अशा जागा कुठल्या? पावसाळ्यात हे सगळं बंदच ठेवायचं का? आणि घर दोन खोल्यांचं. हॉलमध्ये सायकली आणि त्याचं इझल शेजारी-शेजारी. चेनचे काळे डाग कागदावर, यावरून आठवड्यातून एकदा तरी वाजतंच.

चेन_उतरली:

आधी बोर्ड सॅकमधून काढा. १२ x १६ इंचांचा बोर्ड पाठीवर म्हणजे शीड. शिवाय पाठीच्या घामाची वाफ कागदात जाते.

मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर आट्यांची भोकं आहेत का बघा. असतील तर ॲल्युमिनियमचं डिस्क ब्रेकला चालणारं कॅरिअर घ्या, म्हणजे ज्याचे पाय कॅलिपरला (ब्रेकच्या चिमट्याला) वळसा घालून बाहेरून येतात. साधं कॅरिअर आणून वॉशरची चळत लावून ते बाहेर ढकलतात, ते करू नका. बोल्टवर तिरका भार येतो आणि तो खड्ड्यात तुटतो. बोल्ट एम-५ लागतात, ४ मिमीची अ‍ॅलन की. आट्यांना निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा आवळा. बोल्ट तुटतात ते बहुतेक वेळा आधी ढिले झालेले असतात म्हणून. भोकं नसतील तर सीटपोस्टला चिमट्यासारखं बसणारं कॅरिअर मिळतं, पण त्यावर ९-१० किलोच्या वर नको, आणि सीटपोस्ट कार्बनचा असेल तर ते लावूच नका.

बोर्ड कॅरिअरवर आडवा बांधण्यापेक्षा पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत, उभा ठेवा. पॅनिअर डाव्या बाजूला, कारण गाड्या उजवीकडून ओलांडून जातात. आता यातली गंमत: आपलं साइड स्टँडही डावीकडेच असतं. तीन-चार किलोची पिशवी डावीकडे लटकवून सायकल स्टँडवर लावली की ती सावकाश लवंडते, आणि रंगपेटी खाली येते. थांबलात की आधी पिशवी काढा, मग स्टँड. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवीचे हूक मागे सरकवा.

टायर ७०० x ३५ असेल तर मागच्या चाकात नेहमीपेक्षा ५ पीएसआय जास्त हवा भरा, टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून. हवा कमी राहिली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

कोरडा_ब्रश:

सामान निम्म्यावर येतं. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) फुल शीट (२२ x ३० इंच) साधारण १३० ग्रॅम. त्याचे चार तुकडे केले की ११ x १५ चा एक तुकडा ३२ ग्रॅमचा. म्हणजे वजन कागदाचं नसतंच, बोर्डाचं असतं. ४ मिमी प्लायचा १२ x १६ तुकडा ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढाच पन्हाळीदार प्लास्टिक शीटचा तुकडा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. तो वाकतो वाटलं तर दोन तुकडे पन्हाळी काटकोनात ठेवून चिकटवा. फोल्डिंग स्टूल घरी ठेवा, कॅरीमॅटचा एक चौकोन पुरे. रंग अर्ध्या पॅनमध्ये (रंगपेटीतल्या छोट्या वाट्यांत) आदल्या आठवड्यातच भरून दोन-तीन दिवस सुकू द्या. मधाच्या बांधणीचे रंग मात्र दमट हवेत सुकत नाहीत आणि पेटी उभी राहिली की एकमेकांत वाहतात. रंगाचं पाणी एक लिटर, तेही पिण्याच्या बाटलीपेक्षा वेगळ्या रंगाच्या झाकणाच्या बाटलीत. हे हसण्यावारी नेऊ नका.

वर वारा असतो. इझल नेणार असाल तर मधल्या दांड्याला दगडांची पिशवी टांगा, नाहीतर बोर्ड मांडीवर. छत्री पांढरी, करडी किंवा काळी. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावर तोच रंग सांडतो, आणि घरी आल्यावर चित्र परकं वाटतं. गॉगल लावून रंग मिसळायचे नाहीत.

एप्रिल-मेमध्ये वॉश (पातळ रंगाचा थर) पसरायच्या आत वाळतो आणि मध्येच कडा उमटतात. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या गुळगुळीत पत्र्यावर चिकटवा. अर्धा-पाऊण तास ओल टिकते. सूर्य मेमध्ये सहाच्या सुमाराला वर येतो, जानेवारीत सात-सव्वासातला. पहिले दोन तास सावल्या लांब असतात आणि कातळाचे थर सुटे दिसतात. नंतर सगळं सपाट. म्हणून दिवसाचा बेत आखताना आधी चित्राची वेळ ठरवायची आणि सायकल-डोंगर तिच्याभोवती बसवायचे. उलटं केलं की चित्रकार साडेदहाच्या पांढऱ्या उन्हात पेटी उघडतो, आणि मग दोघांचाही रविवार गेला.

एक आगंतुक सल्ला: आपल्या बेसॉल्टला तयार काळा लावू देऊ नका. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून येणारा करडा त्याला बरोबर बसतो.

सह्यपायी:

तुमचा बेत कागदावर मांडून बघा. फाट्यापर्यंत २० किमीच्या आसपास, हलका चढ, ओझ्यासह सव्वा तास. पाचला निघालात तर सव्वासहा. गावात सायकली लावून पठारावर पोचायला पावणेदोन-दोन तास, म्हणजे सव्वाआठ. चित्र सव्वादहापर्यंत. उतरायला सव्वा तास, चहा, परत सायकल: एक वाजतो. बाराच्या आत हे बसत नाही, आणि पहाटेचा उजेड तर रस्त्यावरच संपतो.

दोन पर्याय. नवरा सामान घेऊन स्कूटरने पहाटे थेट पायऱ्यांखालपर्यंत, तुम्ही सायकलने मागून. गावातून वर पायऱ्यांपर्यंत गाडीरस्ता जातो. एसटी किंवा सिटीलिंकची (नाशिकची शहर बससेवा) त्र्यंबकची बस फाट्यावर सोडते, पण तिथून चाल वाढते. दुसरा पर्याय म्हणजे पठारावर फक्त ए-५ ची वही, सहा रंग आणि वॉटर ब्रश (दांड्यातच पाणी भरलेला), वीस मिनिटांची स्केचेस. मोठं चित्र खालून, मावळतीचं.

वर तळं आणि अंजनी मातेचं मंदिर आहे. तळ्याकाठी तो बसला की तुम्हाला पुढे सीता गुंफा आणि बालेकिल्ल्याकडे फिरायला जागा आहे. किल्ल्याची उंची १,२८० मीटर. मोबाइलची रेंज धरून चालू नका. "फोन करते" नाही, "पावणेदहाला तळ्याच्या या टोकाला" असं ठरवा.

माकडं. उघडा डबा, लोंबकळणारी पिशवी, रंगीत ट्यूब, सगळं उचलतात. ब्रशचं पाकीट मांडीखाली, खाणं चेन बंद केलेल्या सॅकमध्ये. तो एकटा बसणार असेल तर पाठ कातळाला लावून बसू द्या.

अंजनेरी राखीव संवर्धन क्षेत्र आहे. सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प याच डोंगराच्या नावाचं, पावसाळ्यात ते गवतात दिसतही नाही. वाट सोडून "चांगला अँगल" शोधत गवत तुडवू नये. रंगाचं घाण पाणी तळ्यात नाही. कॅडमियम-कोबाल्टचे रंग त्यात असतात. त्याच बाटलीत भरून घरी आणा.

सुरुवातीला अंजनेरीपेक्षा रामशेज किल्ला घ्या. पेठ रस्त्याने १४ किमीच्या आसपास, पायथ्याला आशेवाडी, चढ पाऊण-एक तासाचा. तिथे तुमचा बाराचा हिशेब जमतो. आणखी सोपं हवं तर गंगापूर धरणाचं बॅकवॉटर. तो काठावर बसतो, तुम्ही गिरणारेकडे सायकल मारून या. हरिहर किल्ल्यावर बोर्ड नेऊच नका. त्या उभ्या कातळपायऱ्यांवर खांद्यापेक्षा रुंद काहीही पाठीवर असलं की कातळाला अडकून माणूस मागे ढकलला जातो. हरिहर पायथ्याच्या निरगुडपाड्यातून रंगवावा.

तारखा: तिसरा श्रावणी सोमवार (ब्रह्मगिरीची फेरी) आणि पौष वद्य एकादशीच्या आधीचे दिवस (निवृत्तिनाथांची यात्रा, रस्ताभर दिंड्या) त्र्यंबक रस्ता टाळा. सिंहस्थाच्या कामांमुळे कुठे खणलंय तेही आदल्या दिवशी विचारा.

पाथर्डी_फाटा:

स्टँडचं एकदम पटलं, परवाच असं लवंडलंय. रामशेजपासून सुरुवात करतो. पावसाळा आणि घर राहिलं. आणि कागदावर काही ठिकाणी रंग धरतच नाही, तेलकट थेंबासारखा फाटतो. कागद खराब असेल का?

कोरडा_ब्रश:

कागद नाही, बोटं. चेन तेल किंवा सनस्क्रीन लागलेल्या हाताने कागद धरला की त्या जागी पाणी फाटतं, आणि ते पुसून जात नाही. सनस्क्रीन लावायचं काम कागद बाहेर काढण्याआधी, मग हात साबणाने. चेनचं काळं जायला भांड्यांच्या साबणात चमचाभर साखर घालून चोळा.

सगळीकडेच रंग शाईचुशासारखा आत शोषला जात असेल तर मात्र दोष कागदाचा. पावसाळी दमटपणात कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) मरतं, मग पिवळे ठिपकेही येतात. कागद आडवा, बंद प्लास्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. भिंतीला टेकून उभा नाही.

पावसाळ्यात त्र्यंबककडे वॉश अर्धा तास वाळत नाही. तेव्हा ऑइल पेस्टल, कोळसा किंवा वॉटरप्रूफ शाईचं पेन. नाहीतरी सगळं एकाच हिरव्याचं असतं, रेषेतच मजा.

चेन_उतरली:

पावसाळ्यात त्र्यंबककडे जाताना वारा समोरून, येताना पाठीवर. जाताना वेळ जास्त धरा.

घरचं. चेन घरात साफ करायची तर खाली जुना फ्लेक्स, आणि मागचं डिस्क रोटर (ब्रेकची चकती) प्लास्टिकच्या पिशवीने झाका. तेलाचा फवारा रोटरवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ होतं, तेल प्यालेले पॅड बदलावे लागतात.

नवरा तैलरंगही करत असेल तर त्याचं वापरलेलं टर्पेंटाइन चेनला वापरायचा मोह होतो. कोरं चालतं, पूर्ण उडाल्यावरच नवं तेल घाला. वापरलेलं नको, त्यात जवसाचं तेल असतं. ते वाळून रोलरमध्ये वार्निशसारखा पापुद्रा धरतं आणि चेन ताठते. त्याच जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतो. सुट्या पसरून बाहेर वाळवा, किंवा पाण्याच्या बंद डब्यात.

सह्यपायी:

ओलं चित्र परत आणायचं कुणी सांगितलं नाही. दोन बोर्ड, चित्र आतल्या बाजूला, चार कोपऱ्यांत बाटलीची चार झाकणं, वरून दोन रबर बँड आणि दोन क्लिपा. उतारावर तेच पुढे धरून उतरू नका. दोन्ही हात मोकळे हवेत.