मदत हवी आहे: तळाला भोकं असलेल्या जुन्या ४ फुटी फिश टँकला सम्प (खाली ठेवायची फिल्टरची टाकी) जोडायचा आहे

सिक्लिडप्रेमी
सेकंडहँड टँक मिळालाय. ४८ × १८ × १८ इंच. मागच्या उजव्या कोपऱ्यात तळाला दोन भोकं, एक ४४ मिमी आणि एक ३४ मिमी. ओव्हरफ्लोची पेटी (टँकचं वरचं पाणी जिच्यातून खाली जातं ती) कोणीतरी उखडून काढलीय, सिलिकॉनच्या रेघा तेवढ्या उरल्यात. खाली ३० × १२ × १५ इंची सम्प बसतो. मोठ्या भोकातून पाणी खाली, लहानातून पंपाचं पाणी वर, असा बेत आहे. आमच्याकडे लाइट रोज जाते. काही चुकतंय का?

जलचर
बेत बदला. दोन्ही भोकं पाणी खाली आणायलाच वापरा आणि पंपाचा पाइप मागच्या काचेवरून आत सोडा. दिसायला जरा बेंगरूळ, पण खाली जायचा पाइप एकच असला आणि त्यात गोगलगाय अडकली, की पंप पाणी वर ढकलतच राहतो.

या पद्धतीला हर्बी म्हणतात. मुख्य पाइप ३४ मिमीच्या भोकात, राखीव पाइप ४४ मिमीच्या. उलटं वाटेल, पण मुख्य पाइप पूर्ण भरून सायफनसारखा चालतो, त्याला पाऊण इंचही पुरतो. राखीव पाइपात हवा आणि पाणी दोन्ही असतं, म्हणून तोच मोठा हवा.

पेटी काचेची करा, ॲक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही. आतून २० × १५ सेंमी पुरे. पेटीच्या वरच्या कडेचे दात (ज्यांच्या फटींतून पाणी पेटीत येतं) तळापासून ४२ सेंमीवर, राखीव पाइपाचं तोंड ३९ वर, मुख्य पाइपाचं २५ वर. मुख्य पाइपाला सम्पच्या वर गेट व्हॉल्व्ह लावा. बॉल व्हॉल्व्ह नको, त्यात केसभर फिरवलं तरी पातळी कुठल्या कुठे जाते. व्हॉल्व्ह असा लावा की पेटीतलं पाणी राखीव तोंडाच्या जरा खाली स्थिर राहील. मग आवाज जवळपास येतच नाही. मुख्य पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवा. जास्त बुडवलं तर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि लाइट आल्यावर सायफन सुरू व्हायला त्रास देतो.

सिक्लिडप्रेमी
धन्यवाद! ३४ च्या भोकात एक इंची टँक कनेक्टर (भोकात बसवून पाइप जोडायचा आटेवाला तुकडा) जाईल ना? नाहीतर भोक वाढवून घेतो.

काचकाम
भोक अजिबात वाढवू नका. तळाची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) निघाली तर क्षणात चुरा होईल. साधी असली तरी आधीच्या भोकात होल सॉला (गोल भोक पाडायच्या पात्याला) मध्य सापडत नाही, ते सरकतं आणि कड उडते. कनेक्टरवरच्या आकड्यावर जाऊ नका, कंपनीगणिक आट्यांचा बाहेरचा व्यास वेगळा असतो. दुकानात व्हर्नियर घेऊन जा. एक इंची बसला नाही तर पाऊण इंची घ्या. भोकाभोवती एक-दोन मिमी मोकळीक असावी आणि कनेक्टरच्या कडेनं भोक सगळीकडून निदान आठ मिमी झाकलं जावं.

रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, कनेक्टरची कड आणि काच यांच्या मध्ये. नटच्या बाजूला लावलात तर पाणी आट्यांवरून झिरपतं. वॉशरला सिलिकॉन फासू नका, ओल्या सिलिकॉनवर वॉशर घसरून बाहेर येतो. नट हातानं घट्ट, वर पाव फेरा, बस. पान्याचा जोर लावला की काच तडकते. त्याआधी भोकाच्या कडेवर नख फिरवून बघा, टवका लागला तर तो टँक लांबच बरा.

जुनं सिलिकॉन ब्लेडनं पूर्ण खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. सुकलेल्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन चालणार नाही, माशांना विषारी. आणि हो, स्टँडचा प्लाय आणि थर्मोकोल दोन्हीला नटपुरती जागा कापायला विसरू नका.

वाहतंपाणी
एवढा खटाटोप नको असेल तर मोठ्या भोकात ड्युर्सो (खाली वळलेलं तोंड आणि वर हवेचं भोक असलेला उभा पाइप) लावा. एक इंची पाइपावर ताशी हजार लिटरपर्यंत तो शांत चालतो. मग लहान भोक पंपाला मोकळं. अट एकच. पाइप पूर्ण तुंबला असं धरा आणि सम्पच्या पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाऊन टँकमध्ये मावतं का बघा. २० × ३० सेंमीचा कप्पा आणि २० सेंमी पाणी, म्हणजे १२ लिटर. तुमच्या टँकमध्ये एक सेंमी म्हणजे साधारण ५.६ लिटर, तेव्हा पातळी दोनएक सेंमीच चढेल.

जलचर
हा हिशोब बरोबर, पण लाइट जाते तेव्हा पाणी उलट्या दिशेनं येतं, तोही करा. टँकमध्ये दातांवरचं दीड सेंमी म्हणजे आठ लिटर, पेटीतलं चार. पंपाच्या पाइपाचं तोंड पाण्यात पाच सेंमी बुडालेलं असेल तर आठच्या जागी २८ लिटर खाली येतात. सम्पमध्ये २० सेंमी पाणी ठेवलं तर वर जेमतेम ३४ लिटरची जागा उरते. म्हणून तोंड पृष्ठभागाजवळच ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नका, शेवाळाचा एक धागा अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही.

पंप ताशी २००० ते २५०० लिटरचा घ्या. साडेचार फूट चढवल्यावर निम्म्याच्या आसपास उरेल, तेवढं पुरे.

मासे सोडण्याआधी दोन चाचण्या कराच. पहिली, पेटी रिकामी ठेवून टँक दातांच्या जरा खालपर्यंत भरा आणि रात्रभर ठेवा. पेटीचा सांधा गळत असेल तर एरवी कळतच नाही. कळतं ते लाइट गेल्यावर, कारण मग टँक मुख्य पाइपाच्या तोंडापर्यंत रिकामा होतो. ४२ वरून २५, म्हणजे ९५ लिटर, आणि सम्पमध्ये जागा ३४ ची. दुसरी, पंप चालू ठेवून गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. राखीव पाइपानं एकट्यानं सगळं पाणी ओढलं पाहिजे. टँकची पातळी चढतच राहिली तर पंप लहान करा.